२० बाय १० चा फ्लेक्स आणि ८० किलोचा वारा

२० बाय १० चा फ्लेक्स गुंडाळून खांद्यावर टाका, पाच-सहा किलोच्या वर काही भरत नाही, बारका पोरगाही घेऊन चालेल. आता तोच फ्लेक्स शिडीवर उभं राहून उलगडला, एक बाजू बांधून झाली, दुसरी बाकी आहे आणि तेवढ्यात ताशी ३० किलोमीटरचा वारा आला. वादळ नाही हं, एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर सुटतो तसा साधा वारा. तर त्या फ्लेक्सवर समोरून साधारण ८० किलोचा जोर येतो, आणि ज्याने दुसरी बाजू हातात धरलीये त्याला त्यातला मोठा वाटा स्वतःच्या दोन मनगटांवर झेलावा लागतो, तेही पाय शिडीच्या दांडीवर असताना.

हा आकडा अंदाजपंचे नाही. हिशोब सोपा आहे, वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा, की एका चौरस मीटरवर किती न्यूटन जोर येतो ते मिळतं. इंजिनिअर लोक होर्डिंगचं डिझाइन करताना आयएस ८७५ या भारतीय मानकाचा जो तिसरा भाग वापरतात त्यात हेच सूत्र आहे. ३० किमी म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर, आणि २०० चौरस फूट म्हणजे साडेअठरा चौरस मीटर, करून बघा मोबाईलवर. यातला खरा घात त्या वर्गात आहे. वारा दुप्पट झाला की जोर दुप्पट नाही होत, चौपट होतो. ६० किमीला तोच फ्लेक्स ३०० किलोच्या पुढे जातो आणि ४० बाय २० चं मोठं होर्डिंग असेल तर सव्वा टन. १२० किमीचा झोत आला तर त्याच मोठ्या होर्डिंगवर पाच टन. म्हणून "एवढा वारा तर आम्ही कायम सांभाळतो भो" हे वाक्य खरं असूनही कामाचं नाही, कारण सांभाळलेला वारा आणि पाडणारा वारा यात वेगाचा फरक थोडा असतो, जोराचा फार.

काही जण म्हणतील फ्लेक्सला चिरे मारतो ना आम्ही, अर्धचंद्रासारखे, वारा निघून जातो. बरं, मोजून बघू. चार इंच रुंदीचे असे वीस चिरे मारले तर सगळे मिळून एक चौरस फूटसुद्धा भरत नाहीत, आणि फ्लेक्स आहे २०० चौरस फुटांचा. म्हणजे अर्धा टक्का पण नाही. चिऱ्याने मनाचं समाधान होतं आणि फ्लेक्स तिथूनच फाटायला लागतो, बाकी काही नाही.

आता हे खान्देशात जास्त का बघायचं, तर आपला कामाचा सीझन आणि वाऱ्याचा सीझन एकच आहे. लग्नसराई, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, वाढदिवस, उद्घाटनं, आणि त्यात निवडणूक आली तर विचारूच नका, सगळी गर्दी मार्च ते मे. आणि याच महिन्यांत सातपुड्याच्या बाजूने ढग येतात, रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या होतात, त्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. पण केळी पाडणारं ते वादळ येतं कसं हे कमी लोकांना माहीत असतं. उंच वाढलेल्या ढगातून पाऊस पडायला लागला की थंड जड हवा एकदम खाली आदळते आणि जमिनीला लागून चारी बाजूंनी पसरते. तिची पहिली धार पाऊस यायच्या आधीच पोचते. म्हणून उकाड्यात अचानक गार वाटायला लागलं, वाऱ्याची दिशा फिरली, लांबवर धुळीची भिंत दिसली, तर "वा, गार हवा सुटली" असं म्हणत बसायचं नाही, उतर खाले. तेव्हा हातात मोजकी मिनिटंच असतात. विजेचं पण तेच, गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकेल एवढी जवळ आहे, आणि तुम्ही लोखंडी सांगाड्यावर आहात. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी नावाचं फुकट ॲप आहे, आजूबाजूला वीज पडतेय का ते दाखवतं, ठेकेदाराच्या फोनमध्ये तरी ते असलंच पाहिजे.

पडण्याकडे येऊ. २० फुटांवरून माणूस पडला तर जमिनीला लागेपर्यंत एक सेकंद आणि थोडं वर एवढाच वेळ लागतो आणि लागतो तेव्हा वेग असतो ताशी ३९ किमी. १२ फुटांवरून, म्हणजे दुकानाच्या पाटीच्या उंचीवरून, ३० किमी. फिटिंगवाली पोरं ४० फुटी युनिपोलवर, म्हणजे एकाच खांबावरच्या होर्डिंगवर, जपून असतात, पण दुकानाच्या पाटीला कोणी उंची समजतच नाही, "एवढुसं तर आहे." डोकं खाली आलं तर १२ फूट पुरेसे आहेत.

म्हणून हार्नेस. पण हार्नेस घातला म्हणजे झालं असं नाही, आणि इथे बरेच ठेकेदार फसतात. पहिली गोष्ट, कमरेचा नुसता पट्टा हा पडताना झेलायचा पट्टा नाहीच, पडल्यावर सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर येतो. फुल बॉडी हार्नेस पाहिजे, खांद्यावरून आणि मांड्यांतून जाणारा, ज्याची दोरी पाठीवर मध्यभागी अडकते, आणि त्यावर आयएस ३५२१ लिहिलेलं असलं पाहिजे. दुसरी गोष्ट म्हणजे गणित. दोरी असते साधारण ६ फुटांची, तिच्यातला झटका शोषणारा भाग उघडला की आणखी साडेतीन फूट, पाठीवर दोरी अडकते तिथपासून तुमच्या पायापर्यंत ५ फूट, आणि वर थोडी जागा राखीव ठेवा ३ फूट. झाले साडेसतरा फूट. म्हणजे तुम्ही हुक जिथे अडकवला ती जागा जमिनीपासून १७-१८ फुटांवर नसेल तर हार्नेस तुम्हाला थांबवायच्या आधी जमीन थांबवेल. १२ फुटांवर उभं राहून पायाजवळच्या पाइपला हुक मारला तर तो हार्नेस फक्त फोटोपुरता. हुक डोक्याच्या वर अडकवायचा, किंवा आखूड दोरी वापरायची, की मुळात फार खाली जायची वेळच येणार नाही. आणि दोन हुकांची दोरी घ्यायची, एक काढला की दुसरा लावलेला असला पाहिजे, कारण माणूस बसून काम करताना कमी पडतो, जागा बदलताना जास्त.

हुक कशाला अडकवायचा हे पण बघा. फ्लेक्सच्या चौकटीच्या पट्टीला नाही, कापडाला धरायला ती बारकी चौकट असते, पडणाऱ्या माणसाचा झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. मुख्य खांब किंवा त्याला नट-बोल्टने जोडलेला जाड अँगल, तोही गंजलेला नको. आणि पडलेला माणूस हार्नेसमध्ये लटकत राहिला तर तो वाचला असं समजून चहा प्यायला जायचं नाही, मांड्यांवर पट्टे आवळून पायात रक्त साठतं आणि थोड्याच वेळात शुद्ध हरपू शकते. त्याला खाली कसं आणायचं हे चढायच्या आधी ठरलेलं पाहिजे. एकट्याने वर जाऊच नये ते याच्यासाठी.

शिडीचं थोडक्यात सांगतो. चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर, वरचं टोक टेकलेल्या जागेच्या तीन फूट वर, आणि वरून बांधलेली. खाली धरायला उभा राहिलेला पोरगा मोबाईलमध्ये असतो, त्याच्यावर भरवसा ठेवू नका, आणि तो डोक्यावर हेल्मेट नसताना बरोब्बर वरच्याच्या खाली उभा असतो, पक्कड सुटली की त्याच्यावरच. पक्कड-हातोडी सुतळीने मनगटाला किंवा पट्ट्याला बांधा, फुकटचा उपाय आहे. आणि दुकानाच्या छपरावरून जायचं असेल तर सिमेंटच्या पत्र्यावर पाय ठेवू नका, जुना झाला की तो पापडासारखा तुटतो आणि माणूस थेट दुकानात. वर आडवी फळी टाका, वजन छपराच्या लोखंडी कैचीवर गेलं पाहिजे.

आता करंट, माझ्या मते या धंद्यातला सगळ्यात फसवा भाग. आपल्या शहरांत जुन्या रस्त्यांवर ११ केव्हीच्या, म्हणजे ११ हजार व्होल्टच्या लाइनी दुकानांच्या इतक्या जवळून जातात की पहिल्या मजल्यावरून हात लांबवला तर लागेल असं वाटतं. नियम असा आहे की ११ केव्हीपर्यंतच्या उघड्या तारेपासून इमारत आडव्या अंतराने कमीत कमी १.२ मीटर लांब पाहिजे, ३३ केव्हीला २ मीटर. होर्डिंगचा सांगाडा उभा करताना एवढं तरी सुटलंच पाहिजे. पण हे अंतर उभ्या असलेल्या भिंतीसाठी आहे, हलणाऱ्या माणसासाठी नाही.

लोक म्हणतात लाइन माणसाला खेचून घेते. ११ केव्हीची ठिणगी कोरड्या हवेत एक-दोन सेंटिमीटरच्या आसपासच उडी मारते, फूटभर लांबून कोणाला खेचत नाही. मग माणसं मरतात कशी? पाइपामुळे. २० फुटी पाइप उभा धरला आणि तो फक्त १० अंशांनी कलला तर वरचं टोक साडेतीन फूट सरकतं. तुम्हाला खाली वाटतं जरासा झुकला, वर तो तारेला टेकला. शिडीचं तेच, अर्ध्या बांधलेल्या फ्लेक्सच्या चौकटीचं तेच, आणि वारा आला की अंतराचा अंदाज संपलाच. म्हणून अमेरिकेतल्या कामगार सुरक्षेच्या नियमात क्रेनसाठी ५० केव्हीपर्यंत १० फूट अंतर सांगितलंय, तेच डोक्यात ठेवा, तुम्ही, तुमची शिडी, तुमचा पाइप, काहीही १० फुटांच्या आत नको. तेवढं सुटत नसेल तर महावितरणला आधी अर्ज करून लाइन बंद करून घ्यायची. ओळखीच्या वायरमनला फोन करून "पाच मिनिटं बंद कर रे" हे नाही चालत, कारण पाच मिनिटांनी दुसराच कोणीतरी चालू करतो आणि त्याला माहीतच नसतं तुम्ही वर आहात.

बांबूची शिडी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कोरडा बांबू अॅल्युमिनियमपेक्षा बरा, पण ओला किंवा हिरवा असेल तर हाय व्होल्टेजला तो अडवत नाही. पावसाळ्यात रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबाला फ्लेक्स बांधायचा असेल तर खांबात करंट उतरलेला असू शकतो, दिवसा दिवा बंद असला तरी आतली केबल चालू असू शकते. बायंडिंग वायरने बांधूच नका, प्लास्टिकची टाय घ्या. ड्रिल मशीन, लाइट फिटिंग करताना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावा, वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतो, माणसाच्या अंगातून करंट जायला लागला की तो क्षणात तोडतो, साध्या फ्यूजला ते कळत पण नाही. आणि कोणी चिकटलाच तर त्याला हात लावायचा नाही, आधी मेन बंद. हाय टेन्शनला चिकटला असेल तर काठी घेऊन पण जवळ जाऊ नका, जमिनीतून सुद्धा करंट पसरलेला असतो, लांब राहा, १९१२ ला फोन करून लाइन तोडायला सांगा आणि १०८ ला ॲम्ब्युलन्स.

उन्हाचं वेगळं सांगायची गरज जळगाव-भुसावळच्या माणसाला नाही असं वाटतं, ४५ डिग्री आपल्याला नवीन नाही. पण हवा ४५ असते तेव्हा उन्हात तापलेलं लोखंड त्याच्या बरंच वर असतं, हात ठेवला की आपोआप मागे येतो, आणि शिडीवर हात मागे येणं म्हणजे काय ते समजून घ्या. दुसरं, खाली चक्कर आली तर माणूस सावलीत बसतो, वर आली तर पडतो, आणि पोलीस पंचनाम्यात ते "तोल जाऊन पडला" एवढंच लागतं, ऊन कुठेच लिहिलं जात नाही. मे महिन्यात वरचं काम सकाळी दहाच्या आत नाहीतर संध्याकाळी पाचनंतर. मध्ये काम करावंच लागलं तर दर १५-२० मिनिटांनी ग्लासभर पाणी, तहान लागो न लागो, आणि खूप घाम येत असेल तर एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. कोणी असंबद्ध बोलायला लागला, अंग भाजतंय, तर ते दमणं नाही, उष्माघात आहे, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच १०८. रात्री काम करा म्हणणारे पण असतात, उजेडाची सोय असेल तर ठीक, हेडलाइटच्या भरवशावर नको. हायवेच्या कडेला तर रिफ्लेक्टरचं जाकीट आणि मागे लांबवर ट्रॅफिकचे कोन ठेवल्याशिवाय अजिबात नको, रात्री भरधाव ट्रकवाल्याला शिडी दिसत नाही.

होर्डिंगच्या मागच्या बाजूला आग्या मोहोळ असतं हे ज्याने सोसलं त्यालाच माहीत. चढायच्या आधी मागून एक चक्कर मारा, बस. प्रिंटिंगच्या खोलीत सॉल्व्हंट शाईचा वास म्हणजे हवेत उडालेलं रसायनच असतं, डोकं जड होणं हा त्याचाच परिणाम, एसीसाठी खिडक्या बंद करून बसू नका, एक्झॉस्ट लावा आणि तिथे बिडी नको. आणि जुने फ्लेक्स बंबात जाळू नका राव, पीव्हीसी जळलं की हायड्रोक्लोरिक ॲसिडचा धूर होतो.

होर्डिंग उतरवतानाचं मात्र नीट सांगायला पाहिजे. घाटकोपरला १३ मे २०२४ ला जे पडलं, १२० बाय १२० फुटांचं, परवानगीची मर्यादा ४० बाय ४० असताना, १७ माणसं गेली, ते सगळ्यांना आठवतं. १७ एप्रिल २०२३ ला पिंपरी-चिंचवडच्या किवळ्याला होर्डिंगखाली आडोशाला थांबलेल्यांपैकी ५ जण गेले, तेही आठवत असेल. पण ५ ऑक्टोबर २०१८ ला पुण्यात जुन्या बाजाराजवळ जे पडलं ते वाऱ्याने नाही, ते काढायचं काम चालू असताना सिग्नलला थांबलेल्या रिक्षा-गाड्यांवर पडलं, ४ जण गेले. उभारताना सांगाडा नवा असतो आणि डोकं जागेवर असतं. काढताना सांगाडा गंजलेला, आतून किती राहिलाय माहीत नाही, आणि काम भंगाराच्या भावात दिलेलं. नियम एकच, आधी फ्लेक्स आणि पत्रा काढा म्हणजे वाऱ्याला धरायला काही राहत नाही, मग क्रेनने वरचा भाग धरून वरून खाली तोडत या, पाय सगळ्यात शेवटी. आणि खालचा रस्ता बंद पाहिजे, "जरा बाजूने जा" असं ओरडणं म्हणजे रस्ता बंद करणं नव्हे.

आपल्याकडे तापीच्या पट्ट्यात काळी माती आहे, तिचं वेगळंच आहे. उन्हाळ्यात ती भेगा पडून आकसते, पावसाळ्यात फुगते, दरवर्षी पायाला ढकलते-सोडते. त्यामुळे फाउंडेशन मुरमापर्यंत नेलेलं नसेल तर पहिल्या वर्षी ताठ उभं असलेलं होर्डिंग काही वर्षांनी डुलायला लागतं. चढायच्या आधी बुडाजवळ बघा, पाइप जिथे काँक्रीटमध्ये शिरतो तिथे पाणी साचून गंज आधी लागतो, हातोडीने ठोका, आवाज खणखणीत यायला पाहिजे, बद्द आला तर चढू नका.

एवढं सगळं माहीत असून पोरं तसंच का चढतात? ती बेफिकीर आहेत असं मला वाटत नाही. "काही व्हत नही" असं ती म्हणतात कारण फिटिंगचे पैसे नगावर मिळतात, वारा आहे म्हणून थांबले तर त्या तासाचे पैसे कोण देणार? साहेबांचा वाढदिवस उद्या आहे, कार्यकर्त्याचे रात्री अकरापर्यंत दहा फोन आलेत, ठेकेदाराने हो म्हटलंय. आता शिडीखाली उभ्या असलेल्या विशीतल्या पोराने "आज नको" म्हणावं ही अपेक्षाच चुकीची आहे. थांबायचा निर्णय ज्याच्या हातात पैसे आहेत त्याने ऑर्डर घेतानाच करून ठेवायचा असतो. वारा इतका असेल तर लावणार नाही, तारेजवळ लाइन बंद झाल्याशिवाय लावणार नाही, थांबलेल्या वेळेचे पैसे पोरांना मिळतील, आणि हार्नेसचा खर्च फिटिंगच्या दरात धरलाय. हे सगळं दरात आलं की एक-दोन गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे जातील, हे पण खरं आहे, उगाच गोड बोलत नाही.

कायद्याचं काय? नवीन कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात, पण सुरक्षेची जी संहिता आहे ती साधारणपणे दहा आणि त्यापेक्षा जास्त कामगार असलेल्या जागेला लागते, आणि फ्लेक्स फिटिंगची टोळी असते तिघांची. नुकसानभरपाईचं तसं नाही. १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेलं तत्त्व आहे की कामावर असताना अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यायची, आणि एजन्सीने आपल्याच धंद्याचं काम उपठेकेदाराला दिलं असेल तरी एजन्सीवर जबाबदारी येते, ती मग ठेकेदाराकडून वसूल करो. मृत्यू झाला तर सूत्र असं, महिन्याच्या पगाराच्या निम्मे गुणिले वयाचा ठरलेला आकडा. २५ वर्षांच्या मुलासाठी तो २१६.९१ आहे, १५ हजार पगार धरला तर १६ लाख २६ हजार ८२५ रुपये होतात. घरच्यांना लाखभर देऊन "मिटवून टाकू" म्हणणाऱ्याला हा आकडा माहीत असतो, घरच्यांना नसतो. दारू पिऊन चढला होता असं म्हणून जखमेची भरपाई नाकारता येते, पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर ते कारण चालत नाही.

याशिवाय बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढा, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. ठेकेदाराने आपल्या सगळ्या पोरांचे भरले तरी एका दिवसाच्या चहाच्या खर्चात होतं.

भरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो आणि तिथे पहिला प्रश्न येतो, हा तुमच्याकडे कामाला होता याचा पुरावा काय. हजेरी नाही, पगारपत्रक नाही, पैसे रोख. म्हणून फिटिंगवाल्या भावांनो, व्हॉट्सॲपवर "चौकातला लावून टाक, फोटो पाठव" असा जो मेसेज येतो तो डिलीट करू नका, लावलेल्या फ्लेक्सचा फोटो पाठवलात तो पण राहू द्या, पैसे जमेल तेवढे फोनपेवर घ्या, आणि कामाला निघताना कुठे आणि कोणाच्या सांगण्यावरून चाललोय ते घरच्या ग्रुपवर टाकून जा.